जुव्यावर पेटी आली

शापोरा नदीला समुद्राचा वास लागला की तिची घाई सरते. ती रुंद होते, कांदळाच्या मुळांतून रेंगाळते, भरतीच्या वेळी तर चक्क मागे वळते. त्या रेंगाळण्यात मध्येच जमिनीचा एक तुकडा वर राहिला आहे. ते कांदळजुवे. जुवे म्हणजे बेट. नदीच्या अलीकडे आमचा गाव, पंचायत, बस, दवाखाना; आणि पलीकडे, होडीने गाठायचे हे जुवे, आमच्याच पंचायतीचा एक वॉर्ड. सगळ्यांत लहान, आणि पेडणे तालुक्यात विचाराल तर कोणाला आठवणारही नाही असा.

जुव्याला चारी बाजूंनी मातीचा बांध आहे. बांध नसता तर जुवेही नसते. त्या बांधात एका जागी लाकडी दार बसवले आहे, त्याला मानस म्हणतात. ओहोटी लागली की मानशीचे दार शेतातले पाणी बाहेर सोडते, आणि भरती आली की खाऱ्या पाण्याच्या धक्क्याने आपले आपण मिटते. माणसाने त्याला हात लावायचा नाही, एवढेच त्याचे शास्त्र. हात लावला तर काय होते, ते विनोदिनीच्या शेतात दिसत होते.

विनोदिनी पन्नाशी ओलांडलेली बाई. उंची बेताची, आवाज मात्र नदी ओलांडून जाणारा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ती तांबडी भाजी, मुळे आणि मिरच्या घेऊन बसते. "ताजी आसा मां गो?" असे तिला एका गिऱ्हाइकाने एकदाच विचारले होते. "शिळी इकूक मी नदी पार करून इलंय?" असे उत्तर आले, आणि त्या ओळीत पुन्हा कोणी तो प्रश्न विचारला नाही. तिचा नवरा बाबली पूर्वी डिचोलीच्या बाजूला खनिजाच्या बार्जवर होता. खाणी बंद पडल्या, बार्ज काठाला लागून गंजू लागली, तेव्हा तो घरी आला आणि नदी पार करायची तरीची होडी वल्हवू लागला. होडी देवस्थानची, वल्हे बाबलीचे. नवरा-बायकोला देवाने मिळून एकच तोंड दिले होते आणि ते तिच्याकडे होते, असे लोक म्हणत. बाबली त्यावर हसे. तेवढेच त्याचे बोलणे.

मानशीपाशी मासळी धरायचा हक्क कित्येक वर्षे दत्तप्रसादकडे होता. दत्तप्रसाद जुव्याचा पंच, म्हणजे पंचायतीवरचा सदस्य. त्याची माणसे भरतीच्या वेळी मानशीच्या दारात लाकडाचा दांडा अडकवत. दार अर्धे उघडे राही, पाण्याबरोबर सुंगटे, म्हणजे कोळंबी, आत येत, जाळे जड होई. पण सुंगटांबरोबर मीठही आत येई. सगळ्यांत आधी विनोदिनीची भाजी करपली. मग मिरचीची रोपे माना टाकून बसली. शेवटी कोरगूट भात, जे खाऱ्या पाण्याला जुमानत नाही म्हणून आमचे आजे-पणजे पेरत आले, तेही लोंबीवर येण्याआधी पिवळे पडले.

विनोदिनी पंचायतीत गेली. तिथल्या कारकुनाने शांतपणे सांगितले, "तुमच्या वॉर्डाच्या पंचामार्फत अर्ज आणा."

"अर्ज पंचाच्याच विरुद्ध आसा."

"असू दे. पण त्यांच्यामार्फतच यायला हवा."

तिने अर्जाची घडी घातली. मग म्हणाली, "म्हणजे चोरान घराची राखण करूची आणि चोरी झाली काय तेच्याचकडे सांगूची. बरी रीत." आणि अर्ज घेऊन ती परत होडीत बसली.

आता जुव्याचा पंच दत्तप्रसादच का, हे सांगायला हवे. आमदार-खासदाराच्या निवडणुकीला जुव्यावरच्या शाळेत यंत्र येते, लोक ओळीने बटण दाबून येतात. पंचायतीची मतपेटी मात्र कित्येक वर्षांत नदी ओलांडून आली नव्हती. निवडणूक जाहीर झाली की देवळाच्या मंडपात पुरुष जमत, जाणते बोलत, एकमत होई, एकच अर्ज भरला जाई. बिनविरोध. पेपरात दोन ओळी येत, जुव्यावर एकोपा आहे म्हणून. त्या एकोप्यात जन्मलेल्या मुलींना आता मुली झाल्या होत्या आणि पंचायतीसाठी त्यांच्या बोटाला एकदाही शाई लागली नव्हती.

ह्या खेपेला वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. मंडपात पुरुष नेहमीप्रमाणे चटईवर बसले. बायका नेहमीप्रमाणे बाहेर, तुळशीच्या कट्ट्यापाशी. दत्तप्रसादने घसा साफ करून सांगितले, "जागा बायलांची झाली, आता काय करूचा? आमच्या सर्वेशाची बायल आसा. अंकिता. बी.कॉम. शिकलेली. तिका उभी करूया. काम आमीच बघतलंव."

अंकिता त्याची सून. दोडामार्गाहून लग्न होऊन आलेली. त्या घडीला ती घरी स्वयंपाकघरात होती. सगळ्यांच्या माना हलल्या. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"दत्तप्रसादबाब, जागा बायलांची मां?"

"व्हय."

"मगे बायलो भायर कित्याक?"

मंडपात हशा पिकला. दत्तप्रसादचा मुलगा सर्वेश मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "विनोदिनीमावशे, मगे तू उभी रवतंस?"

त्याने थट्टेत विचारले होते. सगळे थट्टेतच वळून बघू लागले. विनोदिनीने पदर खोचला.

"रवतंय," ती म्हणाली.

हसणे थांबायला थोडा वेळ लागला, कारण मागच्यांना ऐकू आले नव्हते.

तिच्या अर्जावर सूचक म्हणून सही करायला कोणी मिळेना. शेवटी शेजारच्या आनंदीमावशीने, जी जुव्यावरची सगळ्यांत म्हातारी बाई, अंगठा पुढे केला. "लाय गो शाई," ती म्हणाली. "माका आता कोण काय करतलो? होडीत बसूक दिवचे नाय? माका खंयच जावचा नाय."

विनोदिनीचा अर्ज पेडण्याला जाऊन पडला आणि मंजूर झाला. आता ह्या वॉर्डात दोन नावे होती. एकाने माघार घेतली नाही, तर पेटी येणार होती.

त्या दिवसांत पाऊस थांबत नव्हता. अमावास्येचे उधाण जवळ आले होते. दर वर्षी ह्या सुमाराला सगळे जुवे बांधावर जमते आणि बांधाच्या राखणदाराला नारळ देते. राखणदार म्हणजे आमचा न दिसणारा पहारेकरी; तो बांधावर फिरतो, त्याच्या हातात काठी असते, आणि तो जुव्याच्या कोणालाही नावाने ओळखतो. त्याच्यापुढे गुरुदासकाका गाऱ्हाणे घालतात. गुरुदासकाका जुव्याचे मानकरी, सरळ माणूस, पंचविशीपासून हेच करत आले. गाऱ्हाणे म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीने मोठ्याने सांगायचे मागणे. एकाने ओळ सांगायची आणि ओळ संपली की सगळ्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणायचे. इथल्या मुलांना "आई" म्हणता येते, त्याच्या मागोमाग "व्हय म्हाराजा" म्हणता येते. कानावर "म्हाराजा" पडले की तोंड उघडतेच.

त्या सकाळी पाऊस जरा धरला होता. पुरुष पुढे, बायका मागे. गुरुदासकाकांनी नारळ दोन्ही हातांत धरला.

"बा बांधाच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही जुव्याची लेकरा तुझ्या पायाकडे नारळ ठेवतत, तो मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"उधाणाच्या पाण्यात बांध राख, गुराढोरांक राख, परमुलखात गेल्ल्या पोरांक संभाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नदी गढूळ, बांधाच्या वरच्या पायरीला लागलेली. प्रत्येक होकाराबरोबर बगळे उठत आणि पुन्हा बसत. विनोदिनी डोळे मिटून उभी होती. तिचा राखणदारावर भरवसा होता, तो काही निवडणुकीपुरता नव्हता. नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासूने तिला आधी ह्या बांधावर आणले होते, मग चुलीपाशी.

"आज मेरेन ह्या जुव्यान एका मतान पंच दिलो, तीच रीत फुडे चलांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि कोण आडवाटेन गेला आसात, तर तेका सुबुद्धी दी, आणि तेचा नाव मागे घेवक लाव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज विरला आणि विनोदिनीने डोळे उघडले. सगळे तिच्याकडे वळले होते. त्या होकारात तिचाही आवाज होता, आणि तिचा आवाज लपणारा नव्हता.

दत्तप्रसाद गर्दीतून हळूहळू तिच्यापाशी आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट देवाने परस्पर काम केल्याचे समाधान होते. "विनोदिनी, राखणदारासमोर व्हय म्हटलंस. सगळ्यांनी आयकला. परवा नाव मागे घेवचो दिस आसा. आमीच तुका होडयेन नेतंव."

जुव्याने तिला गप्प बघितले ती बहुधा पहिलीच वेळ.

घरी बाबली ओसरीवर बसून राहिला. "राखणदाराक दिल्लो शब्द," एवढेच तो म्हणाला.

"मी खंय दिलंय? तोंडान दिल्यान."

"तोंड तुझाच मां?"

तिला दत्तप्रसादची भीती नव्हती, होडी जाईल ह्याचीही नव्हती. भीती ह्याची होती की उद्या उधाणात बांध कुठे खचला तर सगळे जुवे तिच्या दाराशी येऊन म्हणेल, तू बोललीस आणि फिरलीस. आणि त्याहून मोठी भीती, की तिलाही तसेच वाटेल. दुसरा दिवस तिने मिरचीच्या वाफ्यांत वाकून काढला. वाफ्यात उपटायला काही नव्हते. पांढरी मिठाची साय होती मातीवर, ती बोटाने खरवडत बसली.

माघारीच्या दिवशी सकाळी ते आले. दत्तप्रसाद, सर्वेश, साक्षीला गुरुदासकाका. वल्ह्यावर बाबलीच, कारण होडी दुसरे कोण नेणार. विनोदिनी चांगले लुगडे नेसून, पिशवी घेऊन निमूट होडीत बसली. सर्वेशने तिच्या डोक्यावर छत्री धरली. एवढा मान तिला लग्नातही मिळाला नव्हता.

होडी बांधाच्या कडेने निघाली. मानस आली तशी विनोदिनी म्हणाली, "हय जरा लाय."

"कित्याक?" दत्तप्रसादने विचारले.

"नारळ ठेवूचो आसा. नाव मागे घेवच्या आधी राखणदाराक सांगूक नको?"

ह्याला नाही म्हणणे कोणालाही शक्य नव्हते. बाबलीने होडी लावली. सगळे बांधावर उतरले. पिशवीतून तिने नारळ काढला, मानशीच्या दगडावर ठेवला. गुरुदासकाका सवयीने पुढे झाले, हात जोडले, "बा राखणदारा…" एवढे म्हणाले, तोच तिने त्यांना थांबवले.

"काका, नारळ माझो. गाराणा मी घालतंय."

"बायलमनशान गाराणा घालूचा नसता," सर्वेश म्हणाला.

"कोणी सांगल्यान?"

सर्वेशने गुरुदासकाकांकडे बघितले. काकांनी डोके खाजवले. "सांगूक कोणी सांगूक नाय," ते म्हणाले. "पण आज मेरेन कोणी घातलाय नाय."

"मगे आज घालूंदे," विनोदिनी म्हणाली, आणि कोणी पुढे काही बोलायच्या आत तिने नदीकडे तोंड केले. तिचा तो बाजारातला, नदी ओलांडणारा आवाज लागला.

"बा बांधाच्या राखणदारा म्हाराजा!"

पाणी मानशीच्या फळ्यांना लागत होते. मग मागून, होडीची दोरी हातात धरून उभ्या असलेल्या बाबलीचा आवाज आला, बारीक.

"व्हय म्हाराजा."

"परवा ह्या तोंडातसून व्हय गेला, ता सवयीन गेला. मनातसून जावक नाय. आज तुका मनातला सांगतंय, ता आयक म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबली म्हणाला. ह्या वेळी मोठ्याने.

"ह्या मानशीक कोण दांडो लायता, ता तुका ठावक आसा. तू हयच रवतंस. तेंचा नाव मी घेणय नाय, तू घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता दोन आवाज होते. दुसरा सर्वेशचा. शब्द तोंडातून सुटल्यावर त्याने ओठ आत घेतले, पण तो गेलेला होता.

"आणि ह्या जुव्यार पेटी येवंदे! जेणा तेणा आपल्या मनान मत घालूंदे! जो पंच येतलो, तो पेटयेतसून येवंदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तीन आवाज. तिसरा जाड, जाणता, वर्षानुवर्षे मंडपात पहिल्या रांगेत बसून होकार देत आलेला. दत्तप्रसादला तो आपल्याच तोंडून ऐकू आला तेव्हा तो जोरजोरात खोकू लागला.

विनोदिनी वळली. "दत्तप्रसादबाब, तुमी पण व्हय म्हटलास."

"मी खोकललंय!"

"राखणदार इतको भैरो नाय."

"ही मस्करी जाली!" तो ओरडला. "काका, तुमी सांगा. परवाचा गाराणा खरा काय आजचा?"

गुरुदासकाका नारळापाशी गेले. ते कोणाच्या बाजूचे नव्हते. ते फक्त रीतीच्या बाजूचे होते, आणि रीतीत असा प्रसंग आजवर आला नव्हता. मग ते खाली वाकले, नारळ उचलला आणि दगडावर फोडला. ठेवलेला नारळ न फोडता सोडायचा नसतो, एवढे त्यांना ठाऊक होते.

"घातल्ला गाराणा परत घेवक येणा नाय," ते म्हणाले. "परवा माझा गेला, आज हिचा गेला. दोनय पावली. आता काय ता तेणाच बघूचा. आमी मधी पडूचा नाय."

विनोदिनीने खोबऱ्याचा तुकडा सगळ्यांच्या हातावर ठेवला. दत्तप्रसादच्याही. मग म्हणाली, "तुमका पेडण्याक जावचा आसात तर जावा. मी चलत घरा जातंय." आणि ती बांधावरून चालू लागली. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. छत्री सर्वेशच्या हातात राहिली.

माघारीची वेळ टळली. दोन्ही नावे राहिली.

दुसऱ्याच दिवशी देवस्थान समितीने बाबलीकडून होडी काढून घेतली. त्याने वल्हे धुऊन, पुसून समितीच्या दारात उभे करून ठेवले आणि घरी आला. विनोदिनी भाकऱ्या करत होती. तिने मान वर केली नाही.

"त्या दिसा तू व्हय म्हटलंस, ता सवयीन काय मनातसून?"

बाबली पाटावर बसला. "पयला सवयीन," तो म्हणाला. "मागीर मनातसून."

तिने तव्यावरची पहिली भाकरी त्याच्या ताटात टाकली.

तिला निशाणी मिळाली कपाट. अंकिताला कुकर. सर्वेशच्या टोळीतली पोरे विनोदिनीच्या घरासमोरून जाताना ओरडत, "घरात पेटारो, निशाणी कपाट!" ती आतून ओरडे, "कुकराक शिट्टी खंय आसा रे? शिट्टी तर सासऱ्याच्या तोंडात!" हे वाक्य दिवस मावळायच्या आत जुवेभर झाले, आणि संध्याकाळी दत्तप्रसादच्या घरातही पोचले.

ती घरोघर हिंडली. गुडघाभर चिखलातून, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन. भाषण तिला येत नव्हते. ती म्हणे, "माका मत घालूचा नसात तर नको घालू. पण घराक बसू नको." काही दारे उघडत, काही खिडकीच्या फटीतून बोलत, काहींच्या आतला टीव्ही मोठा होई. दोन-तीन घरांतल्या बायकांनी तिला पाठमोरी झाल्यावर हळूच हाक मारली आणि नुसतेच हसून दार लावले. त्या हसण्याचे काय करायचे ते तिला कळत नसे.

एका दुपारी ती दत्तप्रसादच्याच घरी गेली. पुरुष कोणी नव्हते. अंकिता मागच्या पडवीत कपडे वाळत घालत होती, ती दचकली.

"मावशी, तुम्ही इथं?"

"सगळ्यांकडे जातंय. तुझ्याकडे कित्याक नको? तूय मतदार मां? माका मत घाल."

अंकिता हसली. तिने चहा ठेवला. दोघी पायरीवर बसल्या. दारावर अंकिताचा फोटो लावलेला मोठा फलक होता. त्यात तिच्या फोटोपेक्षा सासऱ्याचा फोटो मोठा होता.

"खरं सांगू मावशी?" अंकिता म्हणाली. "उभी राहतेस का म्हणून मला कोणी विचारलंच नाही. आधारकार्ड कुठाय ते विचारलं."

विनोदिनीने कप खाली ठेवला. "मगे आता मी इचारतंय. रवतंस?"

अंकिताला हसू येईना. ती आडव्या दोरीवरच्या ओल्या कपड्यांकडे बघत राहिली, सगळे पुरुषांचे सदरे.

"राहते," ती म्हणाली.

"मगे बरी रव. पाडूक मजा येतली."

मतदानाच्या दिवशी पहाटेपासून लोक धक्क्यावर उभे होते. होडीतून मतदानाचे कर्मचारी उतरले, त्यांच्या मागोमाग प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली लोखंडी पेटी उतरली. ओझ्याला हात लावायला एवढी माणसे पुढे झाली की साहेबाला ओरडावे लागले. शाळेत पेटी टेबलावर ठेवली. बायका चतुर्थीसाठी घेतलेल्या नव्या साड्या आधीच नेसून आल्या होत्या. दत्तप्रसाद शाळेपासून ठरवून दिलेल्या अंतरावर, छत्रीखाली, प्रत्येकाला हात जोडत होता; पहिल्यांदाच त्याला कोणाला तरी हात जोडावे लागत होते, आणि ते त्याला नीट जमत नव्हते.

आनंदीमावशीला दोघी धरून घेऊन आल्या. तिने बाहेर येऊन शाईचे बोट सगळ्यांना दाखवले. "कोणाक घातलंय ता सांगूचय नाय," ती म्हणाली. कोणी विचारलेही नव्हते, तरी परत परत म्हणाली.

मोजणी पेडण्याला झाली. विनोदिनी हरली. फार नाही, पण हरली.

मिरवणूक होडीतून आली. गुलालाला पाऊस लागून तो रक्तासारखा वाहत होता. हारांतला मोठा हार दत्तप्रसादच्या गळ्यात होता, त्याच्या मागे सर्वेश, आणि होडीच्या शेवटच्या फळीवर अंकिता बसली होती. फटाके भिजले होते, एक लागे आणि दोन विझत. विनोदिनी धक्क्यावर उभी होती. लोकांना वाटले ती घरात दडून बसेल. ती पुढे झाली आणि अंकिताला हात देऊन होडीतून उतरवून घेतले, बाकीच्यांना नाही.

शुक्रवारी ती म्हापशाला नेहमीच्या जागेवर होती. शेजारच्या बाईने विचारले, "काय गो, इलेक्शनाचा काय जाला?"

"पडलंय," ती म्हणाली. "भाजी बघ."

चतुर्थी झाली. गणपती नदीत गेले. त्यानंतरच्या एका रविवारी आमच्या पंचायतीत नव्या मंडळाची पहिली ग्रामसभा भरली. हॉल भरला होता. पंच वर, खुर्च्यांवर. अंकिता कडेच्या खुर्चीवर, तिच्या बरोबर मागे भिंतीला टेकून सर्वेश. दत्तप्रसाद पहिल्या रांगेत, जणू खुर्ची अजून त्याचीच आणि तो फक्त जरा खाली उतरून बसला आहे.

रस्ते झाले, दिवे झाले, कचरा झाला. मग विनोदिनी उठली.

"कांदळजुव्याच्या मानशीक भरतीच्या वेळार दांडो लायतत. शेतात मीठ भरला. पंचान ह्या विषयी काय करूचा ठरवला आसा, ता सांगूचा."

सर्वेश भिंतीपासून पुढे आला. "त्याचं असं आहे, मानशीचा विषय हा…"

"तू बस," विनोदिनी म्हणाली. "मी पंचाक इचारलंय."

"मी पंचाच्या वतीने…"

"आमी पेटयेत कोणाचा नाव घातला? सर्वेशाचा? माका तरी थय दिसूक नाय. माझा होता आणि हिचा होता."

हॉलमध्ये हशा उठला, पण तो पूर्वीसारखा नव्हता. ह्या वेळी कोणाकडे बघून हसायचे ते ठरलेले नव्हते. दत्तप्रसाद पहिल्या रांगेतून उठला. "ती नवी आसा, तिका काय ठावक? मी सांगतंय, मानशीक कोणी…"

"बाबा," अंकिता म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. माइक तिच्यापुढे होता, पण चालू नव्हता. शेजारच्या पंचाने हात लांब करून तो चालू केला. तेव्हा तिचा श्वास आधी ऐकू आला आणि मग शब्द.

"बाबा, तुम्ही बसा. तुम्ही पण," असे म्हणून ती मागे वळली. सर्वेश पुढे आलेला, तसाच थांबला. "बाबा, एवढी वर्षं तुम्ही एकमतानं निवडून आलात, तेव्हा कोणी विचारलं असतं तर उत्तर तुम्ही दिलं असतंत. माझ्या नावावर लोकांनी शिक्का मारलाय. उत्तर मला द्यायला लागणार."

कोणी टाळी वाजवली नाही. कोणाला सुचलेच नाही. दत्तप्रसाद उभाच राहिला, मग मागच्या माणसाने "बाब, दिसना नाय" म्हटले, म्हणून बसला.

अंकिताने विनोदिनीकडे बघितले. "मला मानशीतलं काही कळत नाही, मावशी. दांडा लावतात हे मला घरात राहून माहीत आहे. उद्या भरतीला मी बांधावर येते. तुम्ही पण या. दांडा असला तर मी काढणार."

"थय चिखल आसा."

"असू दे."

"आणि घरा परत जावचा आसा तुका. ह्याच घरा."

"तेही मला माहीत आहे," अंकिता म्हणाली.

कारकून लिहून घेत होता. त्याने मान वर करून विचारले, "बाई, तुमचं समाधान झालं? मग बसा."

"समाधान?" विनोदिनी म्हणाली. "फुडच्या खेपेक मी परत हिच्या विरुद्ध रवतलंय. आताच सांगून ठेवतंय, मागीर कोणी एकमत करू नको."

"राहा," अंकिता वरून म्हणाली. "मी पण राहणार."

कारकुनाने पुन्हा खुर्चीकडे बोट दाखवले. विनोदिनी बसली नाही. पदर खोचून ती उभीच राहिली, कारण तिचा दुसरा प्रश्न होता. तो देवस्थानच्या होडीविषयी होता.